चाकाचं वजन: कुठला ग्रॅम उतरवावा, कुठला राहू द्यावा

चाक हलकं केलं की सायकल पळते, हे सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर कधी ना कधी येतं. त्यात तथ्य आहे, पण सांगतात तेवढं नाही. पैसाही बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून खर्च होतो. महागडी चाकं आधी येतात, त्यांवर जुनेच जाड टायर चढतात आणि हवा अंगठ्याने दाबून अंदाजाने भरली जाते. क्रम नेमका उलटा हवा: आधी हवा, मग टायर, मग ट्यूब, त्यानंतर रिम, आणि हबचा, म्हणजे चाकाच्या मधल्या फिरत्या भागाचा, विचार सगळ्यांत शेवटी. हा क्रम का, याचा हिशेब गोव्यातल्या रस्त्यांवर मांडून खाली दिला आहे. प्रत्येक टप्प्यावर काय करायचं आणि काय बिघडतं, तेही दिलं आहे.

वजन किती, यापेक्षा वजन कुठे

फ्रेमला फक्त पुढे न्यावं लागतं. चाकाला पुढेही न्यावं लागतं आणि फिरवावंही लागतं. टायरची कड हबभोवती सायकलच्याच वेगाने फिरते, त्यामुळे टायरमधल्या एका ग्रॅमला वेग द्यायला फ्रेमवरच्या एका ग्रॅमच्या जवळपास दुप्पट ऊर्जा लागते. रिम किंचित आत असतो, तिथे दुपटीहून थोडी कमी. तारांचं वजन हबपासून रिमपर्यंत पसरलेलं असतं, म्हणून तारांतला एक ग्रॅम साधारण १.३३ ग्रॅमसारखा वागतो. हब अक्षालगत बसतो. तिथला ग्रॅम एकास एक. हबमध्ये शंभर ग्रॅम वाचवले काय आणि बाटलीत शंभर मिलिलिटर पाणी कमी घेतलं काय, पायाला फरक सारखाच.

ही दुप्पट फक्त वेग वाढवताना लागू होते. एकसारख्या वेगाने जात असाल तर जड चाक फिरतं ठेवण्यासाठी वेगळी ऊर्जा मोजावी लागत नाही. दिलेली ऊर्जा चाकात साठलेली राहते आणि पाय थांबवले की परतही मिळते. ती खरी वाया जाते ब्रेक दाबल्यावर.

चढाबद्दलचा एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. चढावर प्रत्येक पॅडलमागे वेग थोडा वरखाली होतो, म्हणून तिथे चाकाचं वजन दुप्पट धरावं, असं अनेकजण सांगतात. पण पॅडलवर जोर पडताना चाकाने घेतलेली जादा ऊर्जा पुढच्याच क्षणी, पाय वरच्या-खालच्या टोकाला असताना, तेच चाक परत देतं. सरासरीत चढावरचा एक ग्रॅम एकच ग्रॅम राहतो, मग तो टायरमध्ये असो की जर्सीच्या खिशात.

चोर्ल्याचा चढ आणि म्हापशाचा बाजार

केरी-सत्तरीहून चोर्ला घाटाचा माथा गाठताना साधारण ७०० मीटर उंची चढायची आहे असं धरा. सायकलसह तुमचं वजन ८५ किलो आणि पायातून सलग १८० वॅट निघतात. नुसती उंची गाठायलाच ५४ मिनिटं लागतील, टायरचा आणि वाऱ्याचा विरोध वेगळा. आता दोन्ही चाकांतून मिळून अर्धा किलो उतरवा. वाचतात सुमारे १९ सेकंद. शर्यतीत उतरणाऱ्यासाठी ते मोलाचे आहेत. रविवारी सकाळी घाट चढून चहा पिऊन परतणाऱ्याने मात्र त्यासाठी कर्ज काढू नये.

थांबत-निघत चालणाऱ्या रस्त्यावर काय होतं? पणजीत अठरा जून रस्ता किंवा शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराची बाजू घ्या. वेग ताशी २५ किलोमीटरवर जातो, ब्रेक लागतो, पुन्हा शून्यापासून सुरुवात. जाड टायरच्या सायकलीत दोन्ही चाकांच्या कडेवरून एक किलो उतरवणं शक्य असतं. ते उतरवलं तर दर वेळी २५ च्या वेगाला पोचताना सुमारे ४८ जूल वाचतात. ८५ किलोला तो वेग द्यायला लागतात दोन हजारांहून थोडे जास्त, म्हणजे बचत सव्वादोन टक्क्यांहून थोडी जास्त. वीस किलोमीटरच्या फेरीत चाळीस वेळा थांबावं लागलं, तर एकूण वाचले १,९०० जूल.

आता हीच वीस किलोमीटर टायरच्या बाजूने पाहा. टायर रस्त्यावर दबतो, पुन्हा पूर्ववत होतो, आणि त्यात काही ताकद उष्णता होऊन जाते. त्यालाच रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. डांबरी रस्त्यावर कमी हवेचा गुट्ट्यांचा टायर आणि नीट हवा भरलेला गुळगुळीत, मऊ टायर यांच्या रोलिंग रेझिस्टन्सच्या गुणांकात ०.००६ चा फरक सहज असतो, साधारण ०.०१२ विरुद्ध ०.००६. ८५ किलोवर हा फरक पाच न्यूटन होतो. वीस किलोमीटरला एक लाख जूल. एक किलो वजन उतरवून जे मिळालं, त्याच्या पन्नासपट. चोवीसच्या वेगाला हे ३३ वॅट होतात, आणि रोज सायकलने कामावर जाणाऱ्या माणसाच्या पायातून एकूण निघतात सव्वाशेच्या आसपास.

यावरून वजनाला अर्थ नाही असं समजू नका. हलक्या चाकाची सायकल सीटवरून उठून डावी-उजवीकडे झुलवत चढवताना हातांना खरोखर हलकी लागते, वळण पटकन घेते, सिग्नलवरून निघताना ओढ कमी वाटते. हे जाणवणं खरं आहे आणि सायकल चालवण्याच्या आनंदात त्याचा मोठा वाटा आहे. फक्त आनंद आणि वेळ या दोन गोष्टींचे हिशेब वेगवेगळे मांडावेत. सपाटीवर तिशीच्या वेगाला तर बहुतेक ताकद वाराच खातो; तिथे हँडलवर थोडं वाकून बसणं कुठल्याही रिमपेक्षा जास्त देतं.

पहिलं काम: चाक सुटं करून तोला

स्वयंपाकघरातला पाच किलोपर्यंतचा डिजिटल काटा पुरतो. पुढचं चाक काढा, हवा सोडा, टायर आणि ट्यूब उतरवा. टायर, ट्यूब, रिम-टेप, क्विक रिलीजची (चाक फ्रेमला आवळणारी) दांडी आणि उघडं चाक, असे पाच आकडे वेगवेगळे लिहा. मागच्या चाकाचं हेच करा. मात्र फ्रीव्हील किंवा कॅसेट (मागच्या दातेरी चकत्या) काढायला वेगळं हत्यार लागतं, ते नसेल तर तिच्यासह तोलून तशी नोंद करा. उघड्या चाकाचं वजन करताना ते काट्यावर आडवं ठेवलं तर हबची दांडी कडेला टेकून आकडा चुकतो. काट्यावर हलकं भांडं उलटं ठेवा, आकडा शून्यावर आणा आणि हब त्यावर टेकवा.

साध्या हायब्रिड सायकलचं पुढचं चाक उलगडलं तर साधारण असं दिसतं: काठात तार असलेला ३५ मिमीचा टायर ५२० ग्रॅम, ट्यूब १६०, रबरी रिम-टेप २५, दुहेरी भिंतीचा ॲल्युमिनियम रिम ५६०, बत्तीस तारा निपलांसह (तारा रिमला आवळणारे छोटे नट) २२५, हब १९०, क्विक रिलीज ६०. एकूण १,७४० ग्रॅम. त्यातले १,२६५ ग्रॅम कडेवर आहेत, आणि त्यातलेही ७०५ ग्रॅम टायर, ट्यूब आणि टेपचे. हे तीन भाग कुठलाही मिस्त्री न लागता घरी बदलता येतात. रिम बदलायचा तर सगळं चाक नव्याने विणावं लागतं.

याच चाकावर घडी घालता येणारा ३२ मिमीचा टायर (३४० ग्रॅम) आणि प्लास्टिकसारखी हलकी टीपीयू ट्यूब (४० ग्रॅम) घातली तर ३०० ग्रॅम जातात, दोन्ही चाकांत मिळून ६००. दुकानात आकडे विचारताना वेष्टनावरच्या वजनावर पूर्ण विसंबू नका. एकाच कंपनीच्या दोन टायरांत दहा-वीस ग्रॅमचा फरक असतोच.

हवा

यात एक रुपयाही जात नाही, आणि सगळ्यांत जास्त मिळतं ते इथेच. आकडा दाखवणारा पंप मात्र हवा. अंगठ्याने दाबून ६० आणि ९० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) यांतला फरक कुणालाही कळत नाही.

७०-७५ किलोच्या माणसाला ट्यूबसह चालणाऱ्या टायरमध्ये सुरुवातीला एवढी हवा धरावी: २५ मिमीला ८५ ते ९० पीएसआय, २८ मिमीला ७० ते ८०, ३२ मिमीला ५५ ते ६५, आणि एमटीबीच्या (माउंटन बाइकच्या) २.१ इंचीला ३० ते ३५. मागच्या चाकावर वजन जास्त पडतं, म्हणून पुढे पाच पीएसआय कमी. वजन दहा किलोने जास्त असेल तर रस्त्याच्या टायरमध्ये पाच पीएसआय वाढवा. टायरच्या बाजूवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही. रिमवर वेगळी मर्यादा लिहिलेली असेल तर दोन्हींतली जी कमी ती पाळायची. कडेला टायर अडकवणारा हूक नसलेल्या, म्हणजे हुकलेस, रिमवर रस्त्याच्या टायरला ५ बार, सुमारे ७२ पीएसआय, ही वरची हद्द आहे.

जास्त हवा म्हणजे जास्त वेग, हे गुळगुळीत रस्त्यापुरतंच खरं. पावसाळ्यात उखडलेल्या डांबरावर किंवा खाणीच्या ट्रकांनी खडबडीत केलेल्या रस्त्यावर कडक टायर प्रत्येक खड्याला सायकल आणि अंग दोन्ही वर उचलतो. ती ताकद पुढे जाण्यातूनच जाते. हात बधिर होऊ लागले किंवा बारीक खडीवर सायकल टणटण उडू लागली, तर पाच-पाचने हवा उतरवत न्या. उलट, खड्ड्यात रिम ठक्‌कन टेकल्याचा आवाज आला, किंवा ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडू लागली, तर हवा कमी पडते आहे.

साधी ब्युटाइल (कृत्रिम रबराची) ट्यूब दिवसाला एक-दोन पीएसआय सोडते, आठवड्यातून एकदा हवा तपासली की पुरे. पुष्कळ वेळ उन्हात उभी केलेल्या सायकलीत २५ अंशांवरून ४५ अंशांवर जाताना ८० ची हवा ८६ च्या घरात पोचते. एप्रिल-मेमध्ये कमाल मर्यादेला टेकून हवा भरण्यात म्हणूनच शहाणपण नाही.

टायर

टायरचं वजन तीन गोष्टींतून येतं: काठातली तार, पंक्चर रोखणारा पट्टा आणि रबराची जाडी. काठात पोलादी तारेऐवजी ॲरामिड धागा असला की टायर घडी घालता येतो आणि साधारण ५० ते १०० ग्रॅम वाचतात. हा बदल निर्धास्त करावा, त्यात तोटा काही नाही. पंक्चर-पट्टा मात्र सांभाळून निवडावा. पूर्ण रुंदीचा जाड रबरी थर असलेला टायर दोनशे-तीनशे ग्रॅम जड आणि चालवायला मंद असतो, पण कळंगुट-बागाच्या बाजूला, जिथे रस्त्याच्या कडेला बाटल्यांच्या काचा हमखास सापडतात, तिथे रोज ये-जा करणाऱ्याला तोच सोयीचा. मधला मार्ग म्हणजे विणलेल्या कापडाचा पातळ पट्टा असलेला २८ किंवा ३२ मिमीचा टायर, वजन २८० ते ३८० ग्रॅमच्या आसपास. गोव्यातल्या बहुतेक रस्त्यांना आणि बहुतेक माणसांना आमची शिफारस हीच.

शर्यतीचे दोनशे-सव्वादोनशे ग्रॅमचे टायर अत्यंत सुरेख चालतात. त्यांच्या बाजूच्या भिंती पातळ असतात, म्हणूनच ते सहज दबतात आणि कमी ताकद खातात. पण जांभ्याच्या चिऱ्याचा धारदार तुकडा त्या भिंतीला लागला तर भिंत फाटते, आणि फाटलेली भिंत पॅचने टिकत नाही. असे टायर स्पर्धेसाठी राखून ठेवावेत. गोव्यात २०१९ मध्ये सुरू झालेल्या आयर्नमॅन ७०.३ या पोहणं-सायकल-धावणं शर्यतीत ९० किलोमीटर सायकल चालवायची असते; तेवढ्या अंतरात टायरचे दहा वॅट वाचणं चाकातल्या दोनशे ग्रॅमहून फार मोठं.

विकत घेण्याआधी जुन्या टायरच्या बाजूवरचा आकडा वाचा. ३२-६२२ मध्ये ३२ ही रुंदी आणि ६२२ हा रिमवर बसणारा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे. जुन्या उंच काळ्या सायकलचं ‘२८ गुणिले दीड’ चाक ६३५ चं असतं, ७०० सी चं ६२२. बोलताना काही वेळा दोन्हींना २८ म्हटलं जातं आणि घरी आणलेला टायर बसत नाही. जुनी २६ इंची एमटीबी ५५९ ची, २७.५ ची ५८४, आणि २९ ची पुन्हा ६२२. रुंदीचं बघायचं तर रिमची आतली रुंदी १९ मिमी असेल तर २८ ते ३५ चे टायर नीट बसतात. फ्रेम आणि टायरमध्ये दोन्ही बाजूंना किमान चार मिमी मोकळे हवेत, नाहीतर पावसाळ्यातली लाल माती अडकून फ्रेम घासली जाते.

ट्यूब

७०० सी च्या अरुंद टायरसाठी साधी ब्युटाइल ट्यूब शंभर ग्रॅमच्या आसपास असते, ३२-३५ मिमीसाठी १४० ते १६०, एमटीबीसाठी २०० च्या घरात. पातळ ब्युटाइल ६५ ते ७५ ग्रॅम. टीपीयू ही प्लास्टिकसारखी पारदर्शक ट्यूब २५ ते ४५ ग्रॅममध्ये मिळते. पैशांच्या मानाने कडेवरचं सगळ्यांत जास्त वजन तीच उतरवते, आणि चालवतानाही ब्युटाइलपेक्षा थोडी कमी ताकद खाते.

तिची पथ्यं मात्र पाळावी लागतात. टायरच्या बाहेर ती जेमतेम गोल होण्याएवढीच फुगवायची. जास्त फुगवली तर ताणली जाते आणि पूर्ववत होत नाही. रुंद टायरमध्ये वापरलेली ट्यूब नंतर अरुंद टायरमध्ये घालायची नाही. साध्या सोल्युशनचा पॅच तिला धरत नाही, तिच्यासाठीचे वेगळे चिकट पॅच लागतात आणि जागा आधी अल्कोहोलने पुसावी लागते. सायकलला रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर पाकिटावर तशी परवानगी छापलेली आहे का ते वाचा. अनमोड किंवा चोर्ला उतरताना सतत ब्रेक दाबला की रिम एवढा तापतो की काही टीपीयू ट्यूब व्हॉल्व्हच्या बुडाशी सुटतात.

लॅटेक्स ट्यूब चालवायला सगळ्यांत मऊ, पण एका रात्रीत दहा-वीस पीएसआय सोडते. रोज हवा भरायची तयारी असेल तरच घ्या, आणि रिम-ब्रेकच्या कार्बन रिममध्ये घालूच नका.

ट्यूबलेसमध्ये ट्यूबचं वजन जातं, पण सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारा द्रव, येतं: रस्त्याच्या टायरला ३० ते ६० मिलिलिटर, एमटीबीला ६० ते १००. वजनाची बचत त्यामुळे नाममात्रच उरते. खरा फायदा हवा कमी ठेवता येण्याचा आणि बारीक भोकं आपोआप बुजण्याचा. उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकतं. दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्हचा गाभा काढून पातळ काडी आत घाला, ओली आली नाही तर सीलंट भरा.

टायर-ट्यूब बदलताना

रिमच्या आतली टेप आधी बघा. तारांच्या भोकांवर ती नीट बसलेली हवी, एखादं भोक उघडं राहिलं तर ट्यूब आत फुगून फुटते. रबरी टेप सैल पडली असेल तर कापडी किंवा प्लास्टिकची चिकट टेप लावा. दहा-पंधरा ग्रॅमही वाचतात. त्यानंतर टायरच्या आत बोटं फिरवून काच-काटा तपासा. हे कापडाने करावं, उघड्या बोटाने काच लागते.

टायरची एक कड रिमवर चढवा, बाजूवर बाण असेल तर तो पुढे फिरण्याच्या दिशेने. ट्यूबला आकार येण्यापुरती हवा द्या, व्हॉल्व्ह भोकात घाला, ट्यूब सगळीकडून टायरच्या आत ढकला. दुसरी कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूपासून चढवायला सुरुवात करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. शेवटचे दहा सेंटिमीटर कठीण जातात. अशा वेळी लिव्हर (टायर उचकटायची पट्टी) घेऊ नका. टायरच्या दोन्ही कडा सगळ्या चाकभर चिमटीत धरून रिमच्या मधल्या खळग्यात सरकवा. खळगा कमी व्यासाचा असल्याने सैलपणा मिळतो आणि तळहाताने कड आत जाते. नव्या ट्यूबला पहिल्याच दिवशी पडणारी भोकं बहुतेक वेळा याच शेवटच्या टप्प्यात लिव्हरने पडतात.

आता व्हॉल्व्ह आत ढकलून परत ओढा, म्हणजे बुडाशी ट्यूब कडेखाली अडकत नाही. दोन्ही बाजूंनी टायर बाजूला सारून ट्यूब कुठे डोकावते का ते पाहा. तीस पीएसआय भरा आणि चाक फिरवा. रिमजवळ टायरवर एक बारीक रेघ असते, ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एखाद्या जागी आत गेली असेल तर हवा सोडून तो भाग हाताने ओढा, काठाला साबणाचं पाणी लावा, पुन्हा भरा. हे न बघता ऐंशी भरली की चाक दर फेऱ्याला उसळतं, आणि लोक रिमला आऊट आहे, म्हणजे रिम वाकडा झालाय, असं समजून तारा आवळत बसतात.

रिम, तारा आणि खारा वारा

टायर-ट्यूबनंतरही पैसे आणि हौस शिल्लक असेल तर चाकं बदला. सायकलसोबत येणारी साधी चाकं, टायर-ट्यूब वगळून, जोडीला २.२ ते २.६ किलो भरतात. चांगली ॲल्युमिनियमची १.५ ते १.७, कार्बनची १.३ ते १.५. पोलादी रिमवरून ॲल्युमिनियमवर येणं ही यातली सगळ्यांत फायद्याची उडी आहे, कारण वजनाबरोबर पावसातला ब्रेकही सुधारतो. ओल्या पोलादी रिमवर ब्रेक नीट धरत नाही.

तारांची संख्या कमी करून वजन वाचवणाऱ्या चाकांबद्दल सावध राहावं. प्रत्येक तार सहा-सात ग्रॅमची. बत्तीसवरून चोवीसवर आलात तर चाकामागे पन्नास ग्रॅम वाचले, पण एक तार तुटली की चाक एवढं वाकतं की ते ब्रेकला किंवा फ्रेमला लागून फिरतच नाही. बत्तीस तारांच्या चाकात एक तुटली तरी बहुतेक वेळा घरी पोचता येतं. वजन ९० किलोच्या वर असेल, किंवा सामान बांधून जाणार असाल, तर बत्तीसच ठेवा. मधे बारीक केलेल्या, म्हणजे बटेड, तारा चाकांच्या जोडीमागे साठेक ग्रॅम वाचवतात आणि तुटतातही कमी, कारण त्या थोड्या ताणल्या जाऊन धक्का वाटून घेतात. तो पैसा सत्कारणी लागतो.

निपल पितळेचेच घ्या, यावर आम्ही ठाम आहोत. ॲल्युमिनियमचे निपल सगळ्या सायकलीत चाळीसेक ग्रॅम वाचवतात, तेही कडेवर. पण मिरामार-दोनापावला किंवा कोलव्याच्या किनाऱ्यालगत खारा ओलावा निपल आणि स्टीलच्या तारेच्या मधे साचला की दोन धातूंत गंज धरतो. निपल तारेला घट्ट चिकटतात आणि आऊट काढायला पाना लावला की तुकडा पडतो. मग चाळीस ग्रॅमसाठी अख्खं चाक पुन्हा विणावं लागतं.

रिम-ब्रेकच्या हलक्या रिमची ब्रेक लागणारी भिंत पातळ असते. जांभ्याची माती पावसात ब्रेकच्या रबरात रुतून बसते आणि ती भिंत घासत राहते. पावसाळ्यात दर आठवड्याला ब्रेकच्या रबरातले खडे टोकदार वस्तूने काढा. रिमवर झीज दाखवणारी खाच किंवा ठिपका असतो, तो दिसेनासा झाला की रिम बदलायची वेळ आली. खूण नसेल तर भिंतीला पट्टी उभी लावा. मधे स्पष्ट खळगा दिसला तर तो रिम पुढे चालवू नका. पातळ झालेली भिंत हवेच्या दाबाने फुटते, आणि बहुतेक वेळा उतारावर. पावसाळ्याचे चार महिने जुनी जड चाकं लावावी आणि हलकी कोरडी ठेवावी, हे ज्याच्याकडे दोन जोड आहेत त्याने जरूर करावं.

नवं चाक शंभर-दोनशे किलोमीटर चाललं की तारा बसतात आणि थोड्या सैल होतात. त्या वेळी एकदा आऊट तपासून घ्या. शेजारच्या दोन-दोन तारा चिमटीत दाबत चाकभर फिरा. एखादी जोडी इतरांपेक्षा मऊ लागली तर तिथे ताण कमी आहे. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने चाक धुवा, पाण्याचा जोर हबच्या छर्ऱ्यांवर थेट मारू नका, आणि वाळवूनच आत ठेवा.

कुणी काय करावं

पहाटे वाड्यावाड्यांत पाव पोचवणाऱ्या पोदेराच्या सायकलला हलकं चाक देऊन काही साधत नाही. मागे मोठी टोपली, वाटेत शंभर ठिकाणी थांबणं, कच्च्या पायवाटा. तिथे जाड टायर, पुऱ्या तारा आणि भरपूर हवा हेच बरोबर. अशा सायकलला सुधारायचं असेल तर हबचे छर्रे वर्षातून दोनदा धुऊन ग्रीस भरा.

पर्वरीहून पूल ओलांडून पणजीला कामावर येणाऱ्याने २८-३२ मिमीचा मधल्या वजनाचा टायर आणि साधी ट्यूब घ्यावी, हवा आठवड्याला तपासावी. एमटीबी घेऊन डांबरावरच फिरणाऱ्याने गुट्ट्यांचे टायर काढून दीड ते पावणेदोन इंचाचे गुळगुळीत टायर घालावेत. एका दुपारच्या कामात सायकल सगळ्यांत जास्त बदलते ती याच माणसाची. रायबंदरच्या बांधावर किंवा दिवाडीच्या सपाट रस्त्यांवर सलग वेगात चालवणाऱ्याला वजनापेक्षा मऊ टायर आणि बसण्याची पद्धत जास्त देईल. उंच कडांचे रिम त्याने दुपारचा समुद्राकडचा आडवा वारा लक्षात घेऊन निवडावेत, पुढे चाळीस मिमीच्या आतच. सत्तरीतल्या घाटांचीच ज्याला ओढ आहे, त्याने टायर-ट्यूब झाल्यावर हलक्या चाकांवर खर्च करायला हरकत नाही.

बदल केल्यावर फरक मोजायचा असेल तर वर्दळ नसलेला, वळणं नसलेला, पुढे सपाट होणारा हलका उतार निवडा. ठरलेल्या खुणेपासून पाय न मारता सुटा, एकाच पद्धतीने बसा, आणि सायकल कुठे थांबते तिथे खडूने खूण करा. वारा पडलेला असताना, सकाळी, प्रत्येक टायरच्या किमान तीन फेऱ्या. या चाचणीत वजनाचा फरक जवळपास दिसणार नाही, टायर आणि हवेचा मात्र लगेच दिसेल. हवा पाच-पाच पीएसआयने बदलून हीच चाचणी तुम्ही रोज चालवता तसल्याच डांबरावर करा, आणि जो आकडा सगळ्यांत लांब नेईल तो पंपावर लिहून ठेवा.

सीटखालच्या पिशवीत दुसरी ट्यूब न्यायची ती टीपीयूची न्या. मुठीत मावते आणि वजन नगण्य. तिच्यासोबत दोन लिव्हर, आकडा दाखवणारा छोटा पंप, आणि टायरची बाजू फाटली तर आतून लावायला जुन्या टायरचा चार बोटं लांबीचा तुकडा ठेवा. त्या तुकड्याच्या कडा आधीच तासून पातळ केलेल्या असू द्या, नाहीतर तोच नवी ट्यूब कापतो.